शिबिरात रक्त घेताना लॅबवाल्यांकडून काय काय करून घ्यायचं?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयातर्फे पुढच्या महिन्यात रक्ततपासणी शिबिर ठरतंय. साधारण १५० माणसं, वेळ सकाळी ७ ते १०, जागा शाळेचा एक वर्ग. लॅब दोन टेक्निशियन पाठवणार आहे. हिमोग्राम (रक्तातल्या पेशींची मोजणी), उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची साखर, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि थायरॉइड एवढ्या तपासण्या आहेत. सामान सगळं लॅबचं, टेबलं-खुर्च्या आमच्या.

माणसांना बोलावणार आम्ही, तेव्हा जबाबदारी आमचीही आहेच. सुई नवी आहे ना, एवढं बघून भागतं का? की आयोजकांनी आणखी कशावर लक्ष ठेवायला हवं? आणखी एक. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी या दोन तपासण्या लॅब त्याच रक्तातून फुकट करून द्यायला तयार आहे. हो म्हणावं का?

लॅबमधली_ताई
आधी गणित करा. १५० माणसं, दोन टेक्निशियन, तीन तास. म्हणजे एकेकाच्या वाट्याला ७५ जण आणि माणशी अडीच मिनिटंसुद्धा नाहीत. नाव विचारणं, हात स्वच्छ करणं, शीर शोधणं, स्पिरिट लावून ते वाळू देणं, रक्त घेणं, ट्यूब हलवणं, लेबल लावणं, सुई डब्यात टाकणं, बोळा दाबून धरायला सांगणं. हे सगळं नीट करायला माणशी ५ मिनिटं लागतात. म्हणजे तीन तासांत एका टेक्निशियनकडून ३६ जण. तुम्हाला पाच टेक्निशियन हवेत, नाहीतर तीन टेक्निशियन आणि दोन दिवस.

घाई झाली की पहिल्यांदा हात धुणं गळतं, मग स्पिरिट वाळायची वाट बघणं, मग लेबलं. सुई नवीच असते हो, चुका तिच्या आजूबाजूला होतात. म्हणून लॅबला पहिला प्रश्न माणसं किती पाठवणार हाच विचारा.

रवा_लाडू
+१. आणि नोटिशीत ठळक लिहा: उपाशीपोटी म्हणजे साधं पाणी चालतं. निम्मी माणसं रात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता येतात. मग शिरा बसतात, दोन-दोनदा टोचावं लागतं आणि चक्करही येते.

दक्षता_परिचारिका
संसर्गाच्या बाजूने लिहिते. कोयनाकाठ, तुम्ही शेजारी उभं राहून सहज बघू शकाल अशाच गोष्टी सांगते.

हात. प्रत्येक माणसाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा. सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद चोळायचं, साबण-पाणी असेल तर ४० ते ६० सेकंद. हातमोजे घातले म्हणून हात धुवायचे नाहीत असं होत नाही. मोजे माणशी बदलायचे. त्याच मोज्यांवर सॅनिटायझर चोळून पुढच्या माणसाला हात लावणं बऱ्याच ठिकाणी दिसतं, ते चालत नाही. १५० माणसांना १५० जोड्या, वर फाटणाऱ्या २०-२५. लॅबने किती खोकी आणली ते आधीच मोजा.

मोज्याच्या तर्जनीचं टोक फाडून शीर चाचपायची सवय काहींना असते. ज्या बोटाला रक्त लागण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नेमकं तेच उघडं! असं दिसलं की तिथेच थांबवा.

आता बोळे. स्टीलच्या वाटीत नाहीतर डबीत स्पिरिट ओतून त्यात सकाळीच पन्नास बोळे बुडवून ठेवलेले असतात. प्रत्येक वेळी त्यात बोटं जातात, झाकण उघडं राहतं, स्पिरिट उडत जातं, आणि दहा वाजेपर्यंत तो ओलसर कापूस जंतू पसरवण्याच्या कामाचा होतो. पाकिटातले एकेरी स्वॅब घ्या, किंवा कोरड्या कापसावर त्या त्या वेळी बाटलीतून स्पिरिट ओता. ७० टक्के अल्कोहोल, ३० सेकंद पुसणं, ३० सेकंद वाळू देणं. फुंकर मारायची नाही, हाताने वारा घालायचा नाही. पुसलेल्या जागेला पुन्हा बोट लावलं तर पुन्हा पुसायचं.

अनुस्वार
ते ३० सेकंद वाळवणं फार ताणलेलं वाटतं. सुई आत जायला एक क्षण लागतो, तेवढ्यात काय होणार?

लॅबमधली_ताई
@अनुस्वार, अल्कोहोल वाळतावाळता जंतू मारतं, त्याला तेवढा वेळ द्यावाच लागतो. शिवाय ओल्या स्पिरिटमधून सुई गेली की चरचरतं, आणि स्पिरिट रक्तात मिसळलं तर लाल पेशी फुटतात. नमुना 'हिमोलाइज्ड' येतो आणि त्या माणसाला पुन्हा बोलवावं लागतं. ते ३० सेकंद फुकट घालवायचे नसतात. तेवढ्यात ट्यूब काढून मांडायच्या आणि बोलायचं.

चष्मिष्ट
खुर्ची! हात नसलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवू नका. चक्कर आली की माणूस सरळ बाजूला कलंडतो आणि डोकं फरशीवर आपटतं. शाळेच्या बाकावर तर अजिबात नको. हाताची खुर्ची, कोपराखाली उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल, आणि वर्गात निदान एक सतरंजी किंवा खाट मोकळी ठेवा.

दक्षता_परिचारिका
@चष्मिष्ट, फार महत्त्वाचं. त्यात भर घालते. बसवतानाच विचारायचं, "याआधी रक्त देताना चक्कर आली होती का?" हो म्हणाले तर सुरुवातीपासून आडवं करूनच घ्यायचं. मध्येच चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, जांभया येऊ लागल्या तर आधी दंडाला बांधलेला पट्टा सोडायचा, मग सुई काढायची, बोळा दाबायचा, आडवं करून पाय उंच करायचे. शुद्धीवर येत असलेल्या माणसाच्या तोंडात साखर-पाणी ओतू नका, ठसका लागतो. पूर्ण सावध झाल्यावर द्या.

बसवताना आणखी तीन प्रश्न. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालंय का? (झालं असेल तर त्या बाजूच्या हातातून घ्यायचं नाही.) डायलिसिससाठी हातात फिस्टुला (शीर आणि धमनीची जोड) केलाय का? असेल तर त्या हाताला पट्टासुद्धा बांधायचा नाही.

सह्याद्रीवारा
पट्ट्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. टोचायच्या जागेच्या चार-पाच बोटं वर बांधायचा आणि एका मिनिटाच्या आत सोडायचा. शीर शोधण्यातच मिनिट गेलं तर सोडा, दोन मिनिटं जाऊ द्या, पुन्हा बांधा. जास्त वेळ आवळून ठेवला की पाणी शिरेबाहेर जातं, रक्त दाट होतं आणि प्रथिनं, कोलेस्टेरॉल खोटे वाढलेले दिसतात. मूठ एकदा मिटून ठेवली तर ठीक, पण उघड-मीट, उघड-मीट करायला लावू नये. त्याने पोटॅशियम वाढतं. शिरेवर चापट्या मारणंही नको. हात खाली सोडायला सांगा, कोमट फडकं ठेवा.

आणि एकच पट्टा १५० दंडांना! कापडी असेल तर तो धुतलाय कधी, हे कुणालाच माहीत नसतं. पुसता येणारा रबरी घ्या आणि माणशी पुसा, नाहीतर एकदा वापरून टाकायचे पट्टे मिळतात ते घ्या.

अनुस्वार
ट्यूबा ठरावीक क्रमानेच भरायच्या म्हणतात, त्याचं एवढं स्तोम कशासाठी? व्हॅक्युटेनरमध्ये, म्हणजे आतली हवा काढलेल्या ट्यूबमध्ये, रक्त आपोआप खेचलं जातं, एका ट्यूबमधलं दुसरीत जाणार कसं?

लॅबमधली_ताई
सुईच्या मागच्या टोकाला लागून जातं. जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध असतं, तेही पोटॅशियमचा क्षार. ते पुढच्या ट्यूबमध्ये थोडंसं गेलं तरी पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं. सिरिंजने घेऊन ट्यूबमध्ये ओततात तिथे तर हा धोका फार वाढतो. कोयनाकाठ यांच्या यादीत पोटॅशियम, कॅल्शियम नाही हे खरं, पण हाताला सवय एकच असावी: पिवळी (क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, थायरॉइड), मग जांभळी (हिमोग्राम, तीन महिन्यांची साखर), मग राखाडी (उपाशीपोटीची साखर). गोठण्याच्या तपासणीची निळी असेल तर ती पिवळीच्या आधी. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, कारण तिच्यात औषध आणि रक्ताचं प्रमाण १ ला ९ असं बांधलेलं असतं.

भरल्यावर ट्यूब हळूच उलटी-सुलटी करायची. पिवळी ५ वेळा, जांभळी आणि राखाडी ८ ते १० वेळा. खुळखुळ्यासारखी हलवली की पेशी फुटतात, आणि हलवलीच नाही तर जांभळीत गुठळी होते आणि हिमोग्राम वाया जातो.

तीन ट्यूबा बघून "एवढं रक्त?" म्हणून आज्या घाबरतात. सगळं मिळून ८ ते १० मिली होतं, म्हणजे चहाचे दोन चमचे. अंगात साडेचार-पाच लिटर असतं. हे आधीच सांगावं.

सह्याद्रीवारा
सिरिंजचा विषय निघालाच आहे तर: भरलेल्या सिरिंजची सुई ट्यूबच्या बुचात खुपसून दट्ट्या जोराने दाबू नये. पेशी फुटतात, कधी बूच उडून रक्ताचे शिंतोडे डोळ्यात जातात. आणि ट्यूब एका हातात, सिरिंज दुसऱ्या हातात धरून हे केलं तर सुई बोटात जायला वेळ लागत नाही. ट्यूब स्टँडमध्ये उभी करायची, दुसरा हात पाठीमागे, ट्यूबच्या पोकळीला खेचू द्यायचं.

लेस्टरकर
इथे इंग्लंडमध्ये लेबलांबद्दल फार कडक आहेत. ट्यूब भरल्यावर, माणूस समोर बसलेला असतानाच लेबल. रक्तगट जुळवायच्या नमुन्यावर तर आधी छापलेलं लेबल सहसा चालतच नाही, तिथेच हाताने लिहायचं. आधी लेबलं चिकटवून ठेवलेल्या ट्यूबांची रांग लावणं म्हणजे अदलाबदलीला आमंत्रण.

लॅबमधली_ताई
@लेस्टरकर, तत्त्व मान्य. पण शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बारकोड छापूनच माणसाच्या हाती देतात. युरोपातल्या काही मार्गदर्शक सूचना 'माणसासमोर लावा, आधी किंवा नंतर' एवढंच म्हणतात. माझं मत: बारकोडची पट्टी माणसाने स्वतः आणावी, ट्यूब कोरी असावी, आणि रक्त घेतल्याबरोबर त्याच्यासमोर चिकटवावी. चिकटवल्यावर त्याला दाखवून वाचायला लावावं. त्याआधी त्याने उठायचं नाही.

कोयनाकाठ
आमच्याकडे नावांचा घोळ मोठा आहे. एकट्या वरच्या आळीत सुमन पाटील चार आहेत.

दक्षता_परिचारिका
मग "तुम्ही सुमन पाटील ना?" असं कधीच विचारू देऊ नका. कमी ऐकू येणारी बाई नुसती मान हलवते. "काकू, तुमचं पूर्ण नाव सांगा, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव धरून. जन्मसाल?" असं त्यांच्याच तोंडून ऐकायचं आणि कागदाशी ताडायचं. टोकन नंबर तिसरा पुरावा. चार सुमन पाटीलपैकी एकीची साखर दुसरीच्या नावावर गेली, तर एकीला नको ती गोळी सुरू होते आणि दुसरीचा मधुमेह तसाच राहतो.

निंबोणी
टोचताना: सुईचं तिरकं तोंड वर, कातडीशी कोन ३० अंशांपेक्षा कमी. पहिली पसंती कोपराच्या खळग्यातल्या मधल्या शिरेला, मग अंगठ्याच्या बाजूची, करंगळीच्या बाजूची अगदी शेवटी, कारण तिथेच धमनी आणि मज्जातंतू जवळून जातात. "करंट लागल्यासारखं झालं" असं माणूस म्हणाला की सुई ताबडतोब बाहेर, आत फिरवून शोधाशोध नाही. एका टेक्निशियनने दोनदाच प्रयत्न करायचा, मग दुसऱ्याला बोलवायचं.

नंतर हात सरळ ठेवून बोळा दाबायचा, २ ते ३ मिनिटं. कोपरात हात दुमडून बसायची आपल्याकडची पद्धत चुकीची आहे. त्याने भोक पुरतं बंद होत नाही आणि काळंनिळं होतं. पातळ रक्ताच्या गोळ्यावाल्यांना ५ मिनिटं, आणि बोळा उचलून बघितल्याशिवाय सोडायचं नाही.

दक्षता_परिचारिका
आता सुई कुठे जाते ते बघा. रक्त घेणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर, कामाच्या हाताच्या बाजूला पांढरा, न टोचला जाणारा डबा हवा. माणसाच्या पलीकडे नको, नाहीतर उघडी सुई त्याच्या मांडीवरून फिरते. सुईला टोपण परत लावायचं नाही. अनेकदा सुई बोटात जाते ती याच वेळी. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद, वरून दाबून जागा करायची नाही. व्हॅक्युटेनरचा होल्डर (सुई ज्यात बसवतात ती प्लास्टिकची नळी) पुन्हा वापरायला म्हणून हाताने सुई फिरवून काढतात तेही धोक्याचं, कारण मागचं टोकही धारदार असतं आणि पातळ रबराखाली लपलेलं असतं.

२०१६ चे जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नियम शिबिरांनाही लागू आहेत. सुया पांढऱ्या डब्यात, सुई काढलेली सिरिंज आणि मोजे लाल पिशवीत, रक्ताचे बोळे पिवळ्या पिशवीत. सगळं लॅबने परत न्यायचं. शाळेच्या मागे जाळायचं नाही, घंटागाडीत तर मुळीच नाही. त्या पिशवीत हात घालणारी बाई मोज्यांशिवाय काम करत असते.

फरशीवर रक्त सांडलं तर आधी टिपकागद किंवा कापड टाका, त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) ओता, दहा मिनिटं थांबा, मग मोजे घालून उचला. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एका भागाला चार भाग पाणी. द्रावण त्या दिवशीचं ताजं हवं.

चष्मिष्ट
आणि सुई टोचलीच तर?

दक्षता_परिचारिका
बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच सांगायचं. लपवणं सगळ्यात वाईट. टोचणाऱ्या सुईतून लागण होण्याचा धोका ढोबळमानाने असा शिकवतात: लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी ३० टक्क्यांपर्यंत, सी ३ टक्क्यांपर्यंत, एचआयव्ही ०.३ टक्के. बी साठी लस आहे: ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तात प्रतिपिंडं १० mIU/mL च्या वर आलीत का ते तपासायचं. लॅबला विचारा, पाठवणाऱ्या प्रत्येकाची लस झालीय का? एचआयव्हीसाठीच्या प्रतिबंधक गोळ्या शक्यतो २ तासांत सुरू व्हाव्यात, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि २८ दिवस घ्यायच्या असतात. सरकारी रुग्णालयात मिळतात. सर्वात जवळचं रुग्णालय कोणतं आणि रविवारी तिथे कोण असतं, हे आदल्या दिवशी लिहून ठेवा.

वकीलीण
मूळ धाग्यात दोन तपासण्या 'फुकट' देण्याचं लिहिलंय, त्यावर अजून कुणीच बोललं नाही.

माणूस बाही वर करून हात पुढे करतो, ती संमती आहे, पण टोचण्यापुरती आणि त्याला सांगितलेल्या तपासण्यांपुरती. त्या रक्ताचं वाटेल ते करायची परवानगी त्यात नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर कायदाच आहे: एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तपासणीआधी समजावून सांगून घेतलेली संमती, आधी आणि नंतर समुपदेशन, आणि निकालाची गुप्तता. शाळेच्या वर्गात रांग लागलेली असताना हे कसं करणार? शेजारच्या खुर्चीवर भावकी बसलेली असते. पॅकेजच्या कागदावर बारीक अक्षरात लिहून खाली अंगठा घेतला तर ती संमती नव्हे.

हिपॅटायटिस बी तपासणी चांगलीच आहे, पण तीही सांगून, नको म्हणायची मोकळीक ठेवून. उरलेलं रक्त कुठल्या संशोधनाला जाणार असेल तर त्याची संमती वेगळी. अठरा वर्षांखालच्यांसाठी आई-वडील सोबत हवेत. आणि सुई आत असतानाही कुणी "थांबा" म्हणालं तर थांबायचं. बायकांसाठी एक खुर्ची पडद्याआड असावी. घट्ट बाहीचा ब्लाउज असतो, चारचौघांत दंड उघडा करायला संकोच वाटतो.

अनुस्वार
@वकीलीण, पण तपासणीच केली नाही तर ज्याला लागण आहे त्याला कळणार कधी? गावात दुसरी सोय कुठे असते?

वकीलीण
आहे की. सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रांत हीच तपासणी मोफत आणि गुप्त होते. १०९७ ही मोफत मदतवाहिनीही आहे. शिबिरात त्याचा फलक लावा, ज्याला हवं तो जाईल.

अनुस्वार
पटलं. आणि वाळवण्याचंही.

कोयनाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. लॅबशी बोललो. आता दोन रविवार, ७५-७५ माणसं, तीन टेक्निशियन. एचआयव्ही वगळली, हिपॅटायटिस बी ज्याला हवी त्याने फॉर्मवर वेगळी खूण करायची. वाटीतले बोळे बंद, पाकिटं येतील. नमुने तालुक्याला जायला दीड तास लागतो, त्याचं काय? आणि रिपोर्ट लॅब आमच्या सचिवांच्या व्हॉट्सअॅपवर एकत्र पाठवते म्हणाली, तिथून आम्ही वाटायचे. चालेल ना?

लॅबमधली_ताई
दीड तास आणि त्याआधीचे तीन म्हणजे पहिल्या माणसाचं रक्त साडेचार तास पडून राहील. साध्या ट्यूबमध्ये साखर तासाला ५ ते ७ टक्के घटते, म्हणून ती घट आवरणारी राखाडी ट्यूब हवीच. पिवळ्या ट्यूबा अर्धा तास उभ्या ठेवून गोठू द्यायच्या आणि घेतल्यापासून दोन तासांत फिरवायच्या. लॅबला छोटं सेंट्रिफ्यूज (ट्यूबा गरागरा फिरवायचं यंत्र) वर्गातच आणायला सांगा, वर्गात चालू प्लग आहे ना बघा. नेताना ट्यूबा उभ्या, बर्फाच्या पिशव्यांना चिकटू न देता.

वकीलीण
आणि व्हॉट्सअॅपवर एकत्र अजिबात नको. सचिवांना कुणाची साखर किती हे कळायचं कारण नाही. बंद पाकीट, वर नाव आणि टोकन, ज्याचं त्याच्या हाती.

दक्षता_परिचारिका
फक्त पाकिटांची वाट बघत बसू नका. हिमोग्लोबिन ५ किंवा साखर ४५० निघाली तर लॅबने त्याच दिवशी त्या माणसाला फोन करायला हवा. फॉर्मवर मोबाइल नंबर आहे का?

कोयनाकाठ
नाही. आजच रकाना घालतो. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांच्यासाठी घरातल्या कुणाचा नंबर चालेल, हे त्यांनाच विचारून लिहू.